हात न लावायची वाईन

माझ्या माहेरी दुसऱ्याच्या कामात हात घातल्याशिवाय कुणाला घास गोड लागत नाही. आमटीला फोडणी एकीनं द्यायची, मीठ दुसरीनं घालायचं आणि तिसरीनं पळीतली चव बघून "जरा गूळ कमी पडला गं" म्हणायचं, ही आमची रीत. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाची चप्पल तुटली, तर माझी आई, म्हणजे आमची अव्वा, त्याला आधी चप्पल शिवणारा कुठं बसतो ते सांगते, मग चप्पल अशी तुटतेच कशी यावर दोन शब्द सुनावते आणि शेवटी माझ्या भावाची चप्पल त्याच्या पायात घालून त्याला वाटेला लावते. मी तरी कुठली वेगळी? मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचा मला सरकार पगार देत होतं, आणि तो बंद झाल्यावरही मी काम सोडलेलं नाही.

अशा घरात माझ्या लेकीनं एक अशी वस्तू आणून ठेवली, जिला कुणीही काहीही करायचं नव्हतं. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत.

माहेर जयसिंगपूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहते, पण एसटीत बसलं की चहाची वेळ व्हायच्या आत तिकडं पोचते, त्यामुळं लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझी तिथली सत्ता गेलेली नाही. घराला लागून दहाबारा गुंठ्यांवर भोकरीचा मांडव आहे. भोकरी म्हणजे जुन्या काळचं पांढरं द्राक्ष, जाड सालीचं आणि बियांचं. बिनबियांची द्राक्षं आली तशी सगळ्यांनी भोकरी उपटून टाकली. आमच्याही बाकीच्या रानात आता बिनबियांचीच बाग आहे आणि तिच्यावरच घर चालतं. हा तुकडा तेवढा राहिला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तो माझ्या धाकट्या भावाच्या जन्माआधी लावलेला. खोडं आता माणसाच्या मांडीएवढी झाली आहेत. त्या सावलीत बाज टाकून आप्पा दुपारचे झोपतात. माझं लग्न तिथंच बसून ठरलं, भावाचंही तिथंच ठरलं, आणि लहानपणी आम्ही दोघं तिथंच एकमेकांच्या अंगावर बिया थुंकत होतो. बाजारात त्या द्राक्षाला कोणी विचारत नाही. व्यापारी गाडीतून उतरतो, मांडवाकडं बघतो आणि "ही काय पाखरांसाठी ठेवलीया?" म्हणून विचारतो.

आप्पांबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घरात लुडबुड न करणारा तो एकच माणूस. भावाचं लग्न झालं तेव्हा त्यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू बघ." झालं, तेवढंच. आमच्या भागातली म्हातारी माणसं किल्ली देतात, पण तोंड स्वतःकडं ठेवतात आणि बाजेवरून शेवटपर्यंत ओरडत राहतात. आप्पांनी किल्लीबरोबर तोंडही देऊन टाकलं. भावानं बाग लावली, मोडली, परत लावली, कधी चुकला, कधी गावात नाव होईल असा माल काढला. आप्पा चहा पीत बसून राहिले. तो सांगेल ते काम करायचे, पण आपण होऊन एक शब्द बोलायचे नाहीत. मला त्याचा फार राग यायचा. एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस गप्प बसू कसा शकतो, हे माझ्या डोक्यातच शिरायचं नाही.

त्या संक्रांतीला आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि भावानं जाहीर केलं, "यंदाचा माल उतरला की भोकरी काढून टाकणार. मजूर लावून परवडत न्हाय. तितं नवी रोपं लावतो."

अव्वा म्हणाली, "अरं, पर सावली?"

"पत्र्याचं शेड बांधून देतो की."

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि खाल्ला. मला वाटलं, घास गिळून झाला की बोलतील. त्यांनी दुसरा तुकडा मोडला.

माझी लेक तेव्हा सुट्टीवर आलेली होती. ती नाशिककडं वाईनच्या कारखान्यात नोकरीला आहे. आम्ही लिंगायत, घरात कुणी दारूच्या थेंबाला शिवलेलं नाही, त्यामुळं नातीची नोकरी अव्वानं पावण्यारावळ्यांत "द्राक्षाच्या कंपनीत हाय" एवढ्यावर निभावून नेली होती. लेक म्हणाली, "मामा, थांब जरा. असे जुने वेल लोक शोधत फिरतात. त्यांची ऑरेंज वाईन करू."

"संत्रा?" भाऊ म्हणाला. "ती चौकातल्या देशीच्या दुकानात मिळती की."

लेकीनं न चिडता समजावलं. हा गुण तिला तिच्या वडलांकडून आलेला आहे. पांढरी द्राक्षं सालीबियांसकट चुरगळायची, मातीच्या रांजणात घालायची आणि सात-आठ महिने सोडून द्यायची. बाहेरचं यीस्ट नाही, साखर नाही, कसली पावडर नाही. सालीचा रंग रसात उतरतो आणि वाईन नारंगी होते, एवढाच संत्र्याचा संबंध. वेल जेवढा जुना तेवढा त्याच्या रसात दम असतो, आणि आपण जेवढं कमी करू तेवढी ती चांगली होते.

"म्हंजे त्यात करायचं काय?" भावजयीनं विचारलं.

"काहीच नाही."

जेवण थांबलं. आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं.

शहरात राहत असल्यामुळं मला ते लवकर उमगलं असं मी समजत होते. कोल्हापुरात दुधाच्या कट्ट्यावर म्हैस उभी असते, धार थेट ग्लासात पडते आणि माणूस फेसासकट पिऊन मिशी पुसतो. तापवणं नाही, गाळणं नाही. मी तसं सांगितलं. भाऊ म्हणाला, "म्हशीचं बरोबर हाय अक्का, पर म्हशीला सात-आठ म्हैने झाकून कोण ठेवतंय?"

शेवटी ठरलं ते असं. लेकीच्या ओळखीचे एक पारखी होते, पुण्याचे. असल्या वाईन चाखून निवडायच्या, करवून घ्यायच्या आणि विकायच्या हा त्यांचा धंदा. त्यांनी आमची वाईन चाखून चांगली म्हटलं आणि पुढच्या सालापासून भोकरीची द्राक्षं घ्यायला ते तयार झाले, तर मांडव राहील. नाहीतर दसरा झाला की ऑक्टोबरच्या छाटणीआधी जेसीबी. भाऊ वाईट माणूस नाही. त्याला घर चालवायचं असतं आणि सावली विकता येत नाही. तो आप्पांना म्हणाला, "चालंल न्हवं?"

"बगा तुमचं तुमी," आप्पा म्हणाले आणि हात धुवायला उठले. त्यांचा हात मांडवाच्या पहिल्या खोडावर जरा जास्त वेळ टेकलेला मी बघितला. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

द्राक्षं फेब्रुवारीच्या शेवटी उतरली. परवाना, कागद असलं सगळं लेकीनं रीतसर बघितलं. आतून मेण लावलेले दोन रांजण बेदाण्याच्या शेडमध्ये गळ्यापर्यंत जमिनीत पुरले. आम्ही सगळ्यांनी घंगाळात हात घालून द्राक्षं चुरगळली. अव्वानं सुद्धा चुरगळली, फक्त "हे सरबत हाय" असं मनाशी म्हणत. रांजण भरले आणि लेकीनं आम्हाला शेडच्या दारात उभं केलं. ती म्हणाली, सुरुवातीचे काही दिवस साली फुगून वर येतील, त्या सकाळ-संध्याकाळ काठीनं खाली दाबायच्या. बाकी कुणी काही करायचं नाही. घालायचं नाही, काढायचं नाही, ढवळायचं नाही. मग तिला आपण कुणाशी बोलतोय ते आठवलं आणि तिनं सगळ्यांना जोतिबाची शपथ घातली. आमच्या भागात जोतिबाची शपथ घेतल्यावर माणूस पुतळ्यासारखा होतो. काठी तिनं आप्पांच्या हातात दिली, कारण दाबा म्हटल्यावर फक्त दाबणारा माणूस घरात तेवढा एकच होता.

पहिल्या आठवड्यातच रांजण बोलायला लागले. बुडबुड, बुडबुड. आप्पा काठी मारून झाली की तिथंच पालथ्या बादलीवर बसायचे आणि ऐकायचे. मी फोन करून विचारायची, "काय म्हणतंय?" अव्वा सांगायची, "ह्यांच्याशी लई बोलतंय. आमाला काय सांगत न्हाईत."

अव्वाचा जीव रांजणात अडकला होता. तिनं वासावरून ठरवलं होतं की रस आंबट होतोय आणि त्याला गुळाची गरज आहे. आमच्याकडं कशालाही गुळाची गरज असते. ती पदरात गुळाचा खडा बांधून शेडपर्यंत जायची, दारात उभी राहायची, शपथ आठवायची आणि परत येऊन तो खडा गायीला घालायची. गाय त्या उन्हाळ्यात भलतीच लाडावली. शेवटी अव्वानं लेकीला फोन करून विचारलं की बाहेरून काही केलं तर चालेल का. बाहेरून चालेल असं कळल्यावर तिनं दोन्ही रांजणांच्या गळ्यावर विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढले. आता ते दोघं पूजेला बसल्यासारखे दिसायला लागले.

भाऊ तर औषधांच्या दुकानात वाढल्यासारखा माणूस. ढग आला की त्याचा हात फवाऱ्याकडं जातो. सात-आठ महिने एखाद्या गोष्टीवर काहीच मारायचं नाही म्हणजे त्याला अंगाला खाज सुटल्यासारखं व्हायचं. तो शेडभोवती फेऱ्या मारायचा, रांजणावरच्या फडक्याकडं बघायचा आणि मग जाऊन परसातल्या पपईवर फवारायचा. त्या वर्षी पपईला एकही रोग आला नाही, फळही आलं नाही.

रांजणापासून अडवलेली ही सगळी लुडबुड कुठंतरी जाणारच होती. ती घरात पसरली. अव्वानं भावजयीच्या स्वयंपाकघरातले डबे खालचे वर केले. भावजयीनं भावाचं कपाट लावून दिलं आणि त्याला पुढचे कित्येक दिवस विजार सापडली नाही. भावानं चांगली चालणारी मोटार उघडून बघितली आणि ती बंद पाडली. मी दिवसातून तीनदा फोन करून सगळ्यांना गप्प बसायला सांगत होते. पावसाळा लागल्यावर लेक येऊन साली-बिया वेगळ्या करून गेली, रस परत रांजणात घालून तिनं तोंडं बंद केली, तेव्हा ती झाकण उघडताना आम्ही चौघं तिच्या डोक्यावर डोकी घालून उभे होतो. ती म्हणाली, "कुणी काही घातलं नाही ना?" अव्वा म्हणाली, "आमी काय तसली माणसं हाय व्हय?"

खरं सांगते, आम्ही घातलं नव्हतं. घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा आम्ही एका गोष्टीला हात लावला नव्हता.

दसरा झाला. पारखी यायचा दिवस ठरला. लेकीला ऐन वेळी सुट्टी मिळाली नाही. तिनं मला फोनवर सांगितलं, "आई, एकच कर. चव घ्यायच्या आधी त्यांना काही खायला देऊ नका. तिखट तर अजिबात नको." मी म्हटलं, "तू काळजी करू नको. मी आहे." इतकी वर्षं शाळा सांभाळली, एका माणसाला उपाशी ठेवायला मला काय होतंय असं मला वाटलं.

पाहुणे अंगानं बारीक, बोलायला हळू. सोबत मऊ फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा काचेचा ग्लास. त्यांनी मांडव बघितला, एका खोडावर हात ठेवला आणि "वा" म्हणाले. मग अव्वा बाहेर आली.

"जेवून घ्या पावणं."

"नको आई, आधी चव बघतो. रिकाम्या पोटीच बघायची असते."

अव्वानं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. "असं कसं? उपाशीपोटी दारू कोण पितंय व्हय? आतडी जळतील की."

मी म्हटलं, "अगं अव्वा, फोनवर सांगितलंय तिनं."

"फोनवर बोलणाऱ्याला हितल्या माणसाची भूक काय कळती?"

मी यावर काहीतरी बोलायला हवं होतं. पण आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, भाजलेल्या मिरच्यांचा ठसका बाहेरपर्यंत आला होता, आणि दारात आलेला माणूस उपाशी बसलेला बघायची मलाही सवय नव्हती. सात-आठ महिने अडवून धरलेलं सगळं त्या दुपारी त्यांच्या ताटात उतरलं. भरली वांगी, शेंगदाण्याची आमटी, दही, गव्हाची गोड हुग्गी, आणि मधोमध खर्डा. हिरव्या मिरचीचा, लसणीचा, वर कच्चं तेल सोडलेला. ते "थोडंसं" म्हणाले. भावजयीनं वाढलं. त्यांनी नको म्हणून हात आडवा धरला, अव्वानं हाताच्या बाजूनं वाढलं. दुसऱ्यांदा खर्डा वाढणारी मी होते.

तिसऱ्या घासाला त्यांचे कान लाल झाले. चौथ्याला डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला. अव्वा ओरडली, "पाणी नगं, त्यानं जास्त लागतंय! त्यांची ती आणा रं, ती आंबट हाय!" भाऊ शेडकडं पळाला, रांजण उघडला आणि तांब्या भरून घेऊन आला. काचेचा ग्लास फडक्यातच राहिला. पाहुण्यांनी स्टीलच्या फुलपात्रातून वाईन घटाघटा प्यायली, मग दुसरं फुलपात्र, मग आणखी. तांब्या संपला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, मांडवाखाली गेले आणि आप्पांच्या बाजेवर आडवे झाले.

"आवडली त्यास्नी," अव्वा समाधानानं म्हणाली. "सगळा तांब्या संपीवला." भाऊसुद्धा मान हलवत होता. मी लेकीला फोन लावून तसं कळवलं. तिनं एवढंच विचारलं, "तांब्या?"

ऊन उतरल्यावर पाहुणे उठले. चेहरा ओला करून ते भावाला म्हणाले, "माफ करा, मला काहीच कळलं नाही. वाईन होती की विहिरीचं पाणी, तेही सांगता येणार नाही. मला जीभच नाहीये आत्ता." भावानं सांगितलं की जेसीबीवाला उद्या सकाळी येतोय. निकाल लागला की लगेच काम उरकायचं, असा त्याचा स्वभाव. पाहुणे म्हणाले, "मग मी जयसिंगपुरात राहतो आणि उद्या त्याच्याआधी येतो. पण एक विनंती आहे." त्यांनी अव्वाला हात जोडले. "आई, उद्या पाणीसुद्धा नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडलं ते आमच्या घरात पुन्हा घडणार नाही. एक पाहुणा येऊन ओट्यावर बसला आणि अव्वानं त्याला बस म्हणण्यापलीकडं काही विचारलं नाही. ती खांबाला टेकून उभी होती, दोन्ही हात पदरात गच्च गुंडाळून. तिचे ओठ हलत होते. ती "चहा" म्हणत होती की नामस्मरण करत होती, मला सांगता येणार नाही. या बाईनं त्या मांडवासाठी काय सोसलं ते मला त्या सकाळी दिसलं आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

तेवढ्यात जेसीबीही आला आणि मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. पाहुण्याला द्यायचं नाही, पण चालकाला द्यायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. अव्वा धावलीच. चालकाला चहा झाला, पोहे झाले, पोह्यावर परत चहा झाला. तो बिचारा पोटावर हात ठेवून "बास आज्जी" म्हणत होता, आणि पुण्याचे पारखी ओट्यावरून त्याच्या बशीकडं बघत होते.

भावानं वाईन आणली. या वेळी ती काचेच्या ग्लासात पडली आणि आम्ही पहिल्यांदा तिचा रंग बघितला. नव्या गुळाच्या पाकासारखा, जरासा गढूळ. पाहुण्यांनी ग्लास उजेडाला धरला, नाक आत घातलं आणि एक घोट तोंडात घेऊन असा काही खळखळवला की भावजयीनं तोंडाला पदर लावला. मग ते उठले, मांडवाच्या पहिल्या खोडाशी गेले आणि तो घोट त्यांनी मातीत थुंकून टाकला.

काल तांब्याभर प्यायलेला माणूस आज एक घोट पोटात ठेवू शकला नाही. भावानं मान खाली घातली आणि चालकाला हातानं खूण केली. यंत्र सुरू झालं.

आणि मी आप्पांकडं बघितलं. ते उठले होते. मांडवाखाली जाऊन त्यांनी आपली बाज एका बाजूनं उचलली आणि ओढायला लागले. यंत्राला आत यायला अडचण नको म्हणून. चादरीची घडी खांद्यावर टाकली होती. कुठंही घाई नव्हती, चेहऱ्यावर काही नव्हतं. मी मुख्याध्यापिकेच्या आवाजात ओरडणार, इतक्यात पाहुणेच वैतागून वळले.

"ते बंद करा हो जरा! एवढ्या आवाजात मला चव कशी कळणार?"

यंत्र बंद झालं. त्यांनी दुसरा घोट घेतला, परत खळखळवला, परत थुंकला. मग आमची तोंडं बघून त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. "अहो, थुंकायचीच असते," ते म्हणाले. "चव घेताना पीत बसलो तर संध्याकाळी घरी कसा जाईन?"

"मग काल?" भाऊ म्हणाला.

"काल मी आग विझवत होतो."

तिसरा घोट त्यांनी गिळला. तुरट आहे म्हणाले, जरा हट्टी आहे, शेवटी बियांचा कडसरपणा येतो आणि तोच जिभेवर राहतो. "यात कुणी काही घातलेलं नाही ना?"

"जोतिबाची आण," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

"कळतंय ते. पुढच्या वर्षी ही सगळी द्राक्षं मला द्या. आणि या वेलांना कृपा करून हात लावू नका."

अव्वा पुढचं ऐकायला थांबलीच नाही. ती चहा ठेवायला आत पळाली. भावानं चालकाला परत जायला सांगितलं, त्याचं ठरलेलं भाडं दिलं, आणि वळला तेव्हा त्याला आप्पा दिसले. बाज मांडवाच्या बाहेर उन्हात निघालेली, तिचा एक पाय अजून त्यांच्या हातात.

"आप्पा, हे काय करताय?"

"मशीनला वाट नको व्हय?"

भाऊ तिथंच उभा राहिला. त्याचा आवाज चढला, पण तो रागाचा नव्हता, मी त्याला लहानपणापासून ओळखते. "तुमी लावलेले वेल. संक्रांतीपास्नं मी काढतो काढतो म्हणतोय. नको काढू म्हणून एक शब्द तरी बोलायचा की हो!"

आप्पांनी बाजेचा पाय खाली ठेवला. "तू इचारलंस कुठं?"

"चालंल न्हवं म्हणालो की."

"ते सांगणं झालं. इचारणं न्हवं."

भावानं बाजेचं दुसरं टोक धरलं, दोघांनी मिळून ती परत सावलीत नेऊन ठेवली, आणि तो आप्पांच्या पुढ्यात जमिनीवर बसला. "बरं. आता इचारतो. सांगा."

आप्पा बाजेवर बसले. चादर शेजारी ठेवली. त्यांनी एकदा वरच्या पानांकडं बघितलं आणि सुरुवात केली. मोटार तू चुकीच्या अंगाला बसवलीस, ती बसवलीस त्याच दिवशी मला दिसलं. वरच्या तुकड्याला पाणी जास्त होतंय, म्हणून तिथली पानं पिवळी पडत्यात. तुझं पोर लहान होतं त्या साली बागेवर डावण्या रोग आला तेव्हा फवारणीला उशीर केलास. शेडचा पत्रा उताराच्या उलट टाकलाय. बांधावरची बाभळ काढायला नको होती. पपईला काय झालं होतं की तिच्यावर एवढं मारत होतास? बैल विकलास ते बरोबर केलंस, तेव्हा सांगायचं राहिलं. वर्षं मागं-पुढं होत नव्हती, सगळं ओळीनं येत होतं, किल्ली दिली त्या दिवसापासून. भाऊ मान खाली घालून ऐकत होता आणि मधूनच डोळे पुसत होता. मी शेजारी उभी होते आणि मला मध्ये बोलायचं होतं, दोन-तीन ठिकाणी तर आप्पांचं चुकतही होतं, पण मी बोलले नाही.

अव्वानं चहा आणला. पाहुण्यांनी तो आनंदानं घेतला आणि हळूच विचारलं, कालचा खर्डा थोडा उरलाय का. चहा झाला, भाकऱ्या झाल्या, पाहुणे कान लाल करून जेवून गेले, ऊन मांडवाच्या पलीकडं सरकलं. आप्पा मोटारीवरून ठिबकावर आले होते. भाऊ पाय मोकळे करायला जरा उठला.

"बस," आप्पा म्हणाले. "अजून झालं न्हाय."

भाऊ बसला.